डिझेल फोर बाय फोर मध्येच बंद पडते? पार्ट बदलण्याआधी या चुका टाळा

तुळजापूरचा घाट चढताना भर दुपारी गाडी बंद पडते. अर्ध्या तासानं काहीही न करता चालू होते. दुसऱ्या दिवशी गॅरेजात उभी केली की दिवसभर एकदाही त्रास देत नाही. असा अधूनमधून येणारा बिघाड शोधणं किचकट असतं आणि मालकाचा सगळ्यात जास्त पैसा इथंच वाया जातो. दोष सापडायच्या आधीच अंदाजानं पार्ट बदलले जातात: आधी पंप, मग नोझल, मग सेन्सर, शेवटी ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर). इतकं करून खरं कारण निघतं सैल झालेली अर्थिंगची पट्टी, म्हणजे बॅटरीचा निगेटिव्ह इंजिन-बॉडीला जोडणारी पट्टी.

गाडी कशी बंद पडली, हे न विचारणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. चावी फिरवावी तसं इंजिन गपकन बंद झालं, तर संशय आधी वायरिंग, रिले आणि क्रँक सेन्सरवर (इंजिन किती वेगानं फिरतंय हे ईसीएमला सांगणारा सेन्सर) घ्या. धक्के देत, पिकअप सोडत, मिसिंग करत बंद पडलं, तर आधी डिझेल लाइन बघा. गाडी गिअरमध्येच घरंगळत असेल, म्हणजे इंजिन अजून फिरतंय, आणि आरपीएमचा काटा एकदम शून्यावर आला, तर क्रँक सेन्सरचा सिग्नल तुटलाय किंवा सप्लायच गेलाय. त्याच क्षणी मीटरमधले सगळे दिवे विझले का, हे आठवलं तर दोन्हींतलं नेमकं काय तेही कळतं. जुन्या रोटरी पंपाच्या गाडीत एवढं काही नसतं. तिथं स्टॉप सॉलेनॉइडला (पंपावरचा डिझेल चालू-बंद करणारा विजेचा व्हॉल्व्ह) जाणारी एक वायर सैल झाली तरी इंजिन बंद. चावी ऑन करताना पंपाजवळ ‘टक्’ आवाज येतो का, कान देऊन ऐका.

म्हणून मालकानं मोबाइलमध्ये नोंद ठेवावी: ऊन किती होतं, टाकीत डिझेल किती होतं, एसी चालू होता का, खड्डा लागला का, आदल्या दिवशी गाडी धुतली होती का. वायरमनला या नोंदीचा उपयोग स्कॅनरइतकाच होतो.

सकाळच्या गारव्यातच तपासणी करणं

एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशी सहज ओलांडतो. उन्हातून पळवून आणलेली गाडी बंद केली की पुढची काही मिनिटं बॉनेटखालची उष्णता आणखी वाढते, कारण वारा थांबतो आणि पाणीही फिरत नाही. अशाच वेळी कमजोर क्रँक सेन्सर दगा देतो आणि थंड झाला की पुन्हा नीट चालतो. त्यामुळे गाडी दुपारीच तपासा. बंद पडली की सेल्फ मारत बसू नका. सेन्सरपर्यंत हात सुरक्षित पोहोचत असेल, तर त्यावर ओलं फडकं ठेवा. तेवढ्यानं गाडी लगेच चालू झाली आणि हाच प्रकार दोन-तीनदा घडला, तर सेन्सर किंवा त्याचा कपलर (वायरीचा जोड) जवळपास पकडलात असं समजा.

‘मीटरवर बारा व्होल्ट दिसतात’ म्हणून वायर सोडून देणं

वायरच्या आतल्या बहुतेक तारा तुटून एकच उरली असली, तरी मल्टीमीटर पूर्ण व्होल्टेज दाखवतो, कारण मीटर जवळजवळ करंट ओढतच नाही. वायरवर लोड टाकूनच तिची परीक्षा होते. २१ वॅटचा इंडिकेटर बल्ब जोडा. तो पावणेदोन अँपिअर ओढेल. बल्ब मंद लागला, तर दोष त्याच वायरीत. पण हा बल्ब फक्त १२ व्होल्टच्या जाड सप्लायवर लावायचा. सेन्सरच्या ५ व्होल्टच्या वायरला लावाल तर ईसीएम जाईल.

अर्थिंगसाठी मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरी इंजिन ब्लॉकवर ठेवा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. ०.२ व्होल्टपेक्षा बरंच जास्त दिसलं, तर पट्टी, थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची कडी) आणि बोल्टखालचा गंज साफ करा. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात फोर बाय फोर लावून गाडी काढणाऱ्यांनी हे आवर्जून बघावं. चिखलातून निघताना इंजिन माउंटिंगवर हलतं, अर्थिंगची पट्टी ताणली जाते आणि चिखल वाळून तिथं गंज धरतो. इलेक्ट्रिक शिफ्टच्या, म्हणजे बटणानं फोर बाय फोर लागणाऱ्या गाडीत फोर बाय फोरचा दिवा लुकलुकायला लागला, तरी ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा गिअरबॉक्स) उघडण्याआधी बॅटरी आणि अर्थिंग तपासा. गाडी उभी असताना चांगली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते आणि इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट मिळायला हवेत.

कोड वाचायच्या आधी पुसणं

बिघाड झाला की ईसीएम त्याचा कोड नोंदवतो, तो स्कॅनरवर दिसतो. कोडसोबत ईसीएम त्या क्षणाची स्पीड, तापमान, आरपीएम साठवून ठेवतो. कोड पुसला की हा पुरावाही जातो. आधी फोटो काढा. आणि एकदम चार-पाच सेन्सरचे कोड आले, तर सगळेच सेन्सर खराब झालेत असं धरू नका. त्यांचा सामाईक ५ व्होल्टचा सप्लाय किंवा अर्थ तपासा. एका सेन्सरची वायर कुठं घासून शॉर्ट झाली, तरी बाकीचे खोटं बोलू लागतात. ऊसतोडीच्या हंगामात शेतात उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या वायरी उंदीर कुरतडतात, तेही हार्नेसची (वायरींच्या जुडग्याची) स्लीव्ह सरकवून बघा.

डिझेलचा दोष वायरिंगच्या माथी मारणं

टाकीचा ब्रीदर (हवा आत येण्याचं भोक) बुजला, तर लांब पल्ल्यात टाकीत व्हॅक्यूम धरतो आणि गाडी पिकअप सोडते. बंद पडल्यावर झाकण उघडताना जोरात हवा आत ओढली गेली आणि मग गाडी चालू झाली, की कारण सापडलं. टाकीतलं डिझेल कमी झाल्यावरच त्रास होत असेल, तर सक्शन लाइन एअर घेतेय का बघा. फिल्टरच्या आधी तात्पुरता पारदर्शक पाइप जोडला की बुडबुडे दिसतात. पावसाळ्यात फिल्टरखालचं पाणी वेळेवर काढा.

कॉमन रेल गाडीचा, म्हणजे एकाच रेलमधून सगळ्या नोझलना प्रचंड दाबानं डिझेल देणाऱ्या गाडीचा, हाय प्रेशर पाइप इंजिन चालू असताना कधीही सैल करू नका. हजार बारच्या वरची धार कातडी फोडून आत जाते. जुन्या सवयीनं बॅटरीची केबल चालू गाडीत काढून अल्टरनेटर तपासणं हेही थांबवा. त्या झटक्यात अल्टरनेटरचे डायोड आणि ईसीएम दोन्ही जाऊ शकतात.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि ज्या उन्हात, ज्या चढावर बिघाड यायचा तिथंच गाडी पुन्हा चालवून बघा. दोष मिळेपर्यंत हैदराबाद हायवेवर रात्री लांबचा प्रवास टाळा. चालता चालता इंजिन गेलंच, तर स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेकला दोन-तीनदा दाबण्यापुरताच व्हॅक्यूम उरतो. ब्रेक पंप करू नका, एकदाच घट्ट दाबून धरा, हॅझर्ड लावा आणि गाडी पूर्ण थांबेपर्यंत चावी लॉकवर नेऊ नका.