टाळ्या मिळाल्या, नोंद झाली नाही

महाविद्यालयाच्या तीन वर्षांत मी नऊ वक्तृत्व स्पर्धांत उतरलो आणि चार करंडक घरी आणले. त्यानंतरच्या पहिल्याच मुलाखतीत मात्र दुसऱ्या मिनिटाला माझी बोबडी वळली. व्यासपीठावर कसे उभे राहावे, आवाज कसा लावावा, हे मी येथे सांगत बसणार नाही. ते तुम्हाला ठाऊक असेल आणि नसेल तर दोन स्पर्धांत कळेल. मला सांगायचे आहे ते पाठांतराविषयी, कारण त्यानेच माझा घात केला.

आमचे एक सर भाषणे लिहून देत. ‘सन्माननीय व्यासपीठ, पूज्य गुरुजनवर्ग’ येथपासून कोणत्या ओळीला हात उंचावायचा आणि कोणत्या शेराला थांबायचे येथपर्यंत सारे कागदावर असे. मी ते इतके घोटत असे, की इशाऱ्याची घंटा माझ्या ठरलेल्या वाक्यालाच वाजे. या पद्धतीत एक गोष्ट कधीच घडत नाही, ती म्हणजे समोरचा माणूस तुम्हाला मध्येच थांबवत नाही. मुलाखतीत तेच घडले. ‘स्वतःविषयी सांगा’ याचे दीड मिनिटाचे उत्तर मी पाठ करून गेलो होतो. तिसऱ्या वाक्याला समोरच्या बाईंनी विचारले, ‘प्रकल्पात तुमच्या वाट्याला नेमके काय काम होते?’ मी मान डोलावली आणि चौथे वाक्य सुरू केले. त्यांनी पुन्हा विचारले. सतराचा पाढा मधूनच विचारला तर पहिल्यापासून म्हणावा लागतो, तशी माझी गत झाली आणि मी खरोखरच ‘माझे नाव’ येथून पुन्हा सुरुवात केली. त्यांनी शांतपणे कागद उलटला.

वास्तविक उत्तर माझ्याजवळ होते. रसायनशास्त्राच्या त्या प्रकल्पात गावातील अकरा विहिरींचे नमुने मीच आणले होते आणि ईडीटीए या रसायनाच्या द्रावणाने पाण्याचा जडपणा, म्हणजे त्यात विरघळलेल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांचे प्रमाण, मीच मोजला होता. लालसर रंग निळा होतो त्या थेंबाला हात थांबवायचा, हे मला झोपेतही करता आले असते. ते मी त्याआधी कोणालाही साध्या शब्दांत सांगितलेले नव्हते, एवढेच. पाठ केलेल्या मजकुराने धीर येतो हे खरे. पण तो धीर पहिल्या प्रश्नापुरताच टिकतो.

तीच चूक मी 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत केली. पाण्यावर अकरा मिनिटे बोललो, दोन सुभाषिते म्हटली, टाळ्या पडल्या. माझ्यानंतर खालच्या आळीतल्या एक आत्या उठल्या आणि म्हणाल्या, ‘आमच्या नळाला मंगळवारपासून पाणी न्हाई. व्हॉल्व्ह कवा दुरुस्त करणार, तारीख सांगा.’ ग्रामसेवकांनी त्यांचे म्हणणे इतिवृत्तात लिहून घेतले, तारीखही दिली. माझ्या भाषणातून लिहून घ्यावे असे काही निघालेच नव्हते, कारण मी काही मागितलेच नव्हते. त्या रात्री मला वाईट वाटले आणि खरे सांगायचे तर आत्यांचा रागही आला.

2 ऑक्टोबरच्या सभेत मी चार वाक्ये बोललो. शाळेजवळच्या विहिरीचा जडपणा लिटरमागे 720 मिलिग्रॅम भरला. भारतीय मानकाप्रमाणे दुसरा स्रोतच नसेल तरीही 600 च्या वर जाऊ नये. तेव्हा नमुना अधिकृत प्रयोगशाळेत पाठवण्याचा ठराव घ्यावा. आकड्यांना कोणी दाद दिली नाही. ‘या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही’ हे चौथे वाक्य उच्चारले तेव्हा मात्र बायकांच्या रांगेतून एकदम आवाज उठले आणि ठराव झाला.

लेखनाचेही तसेच. माझा माहिती अधिकाराचा पहिला अर्ज दोन पानांचा होता आणि ‘गावाला चांगले पाणी का मिळत नाही?’ असा त्याचा रोख होता. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि साधारणतः 150 शब्दांच्या आत असावा लागतो. शिवाय ‘का’ या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही फायलीत नसते, फायलीत कागद असतात. माहिती न मिळताच अर्ज निकाली निघाला. ‘1 एप्रिल ते 31 मार्च या वर्षातील पाणी तपासणी अहवालांच्या प्रती द्याव्यात’ असे लिहिले, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावला आणि पोच घेतली, तेव्हा काम झाले.

‘तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी’ शिकवणाऱ्या वर्गांवर पैसे घालवू नका. तेथेही पाठांतरच विकले जाते. इंग्रजी कच्चे आहे म्हणून मात्र घाबरू नका. तिसऱ्या मुलाखतीत मी मोडक्या इंग्रजीत तो निळा थेंब समजावला आणि नोकरी मिळाली. मार्गदर्शक निवडताना भाषण लिहून देणारा टाळा आणि तुमचे बोलणे मध्येच तोडणारा शोधा. तो सुरुवातीला नकोसा वाटेल. राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या शिबिरात श्रमदानाचे फोटो काढण्यापेक्षा घरोघरच्या सर्वेक्षणाला जा, कारण अनोळखी उंबऱ्यावर उभे राहून प्रश्न विचारणे आणि उत्तर संपेपर्यंत गप्प बसणे तेथे अंगवळणी पडते. कोणत्याही मंडळाचे इतिवृत्त लिहिण्याचे काम मागून घ्या. ते कोणालाच नको असते, त्यामुळे नवख्यालाही सहज मिळते, आणि तासाभराच्या वादातून कोणी नेमके काय मागितले हे तीन ओळींत उतरवायला मला त्याइतके दुसऱ्या कशानेच शिकवले नाही.

अर्जाचे उत्तर एकोणतिसाव्या दिवशी आले, त्यात दोन अहवाल होते. मी ते आत्यांच्या ओसरीवर वाचून दाखवत असताना त्यांनी मला मध्येच थांबवले. ‘टाकी कवा धुतली, ते हाय का त्यात?’ ते नव्हते. तो अर्ज आता लिहितो आहे; 63 शब्द झाले आहेत.