शहरी वस्तीत मुले, वडील, कुटुंबे आणि ज्येष्ठांसाठी सामुदायिक उपक्रम कसा उभारावा

वस्तीसाठी काही सुरू करायचे ठरले की बहुतेक मंडळी आधी उद्घाटनाची तारीख, फलक आणि पाहुणे यांच्या मागे लागतात. ते सारे नंतर पाहता येते. आधी ठरवायला हवी ती एक जागा, एक वार आणि कुलूप उघडणारी दोन माणसे, कारण एक आजारी पडला तरी दार बंद राहता कामा नये. त्यापूर्वी दोन-तीन आठवडे घरोघरी जाऊन फक्त ऐकावे. ‘तुम्हांला काय हवे?’ असे विचारल्यास लोक संकोचाने ठरावीक उत्तरे देतात. त्याऐवजी ‘संध्याकाळी मुले कुठे असतात, आजोबा दिवसभर कोणाशी बोलतात, घरी कोण किती वाजता परततो?’ असे विचारावे, म्हणजे उपक्रमाचे वेळापत्रक त्या उत्तरांतूनच तयार होते.

किशोरवयीन मुलांसाठी सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे टिकून राहणारा मोठा माणूस. अमेरिकेतील ‘बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स’ या संस्थेने जुळवलेल्या, एक प्रौढ स्वयंसेवक आणि एक मूल अशा मार्गदर्शक-जोड्यांवरील २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले, की वर्षभर किंवा अधिक काळ टिकलेल्या नात्यांतून मुलांना सर्वाधिक लाभ झाला, तर पहिल्या तीन महिन्यांतच तुटलेल्या नात्यांतील मुलांचा आत्मसन्मान घसरला. म्हणून उत्साही स्वयंसेवकाला पहिल्याच भेटीत ‘वर्षभर, दर आठवड्याला येणे जमेल का?’ असे स्पष्ट विचारावे आणि तो चाचरला तर त्याला मुलांची जबाबदारी न देता हिशेब, सामान किंवा दुरुस्तीचे काम द्यावे. त्यात त्याचा अपमान नाही. मुलाला मध्येच सोडून जाण्यापेक्षा ते कितीतरी बरे.

मुलांच्या सुरक्षिततेचे नियम पहिल्या दिवसापासून लेखी असावेत. कोणताही प्रौढ एका मुलासोबत बंद खोलीत एकटा राहणार नाही, प्रत्येक स्वयंसेवकाची पूर्वचौकशी होईल, पालकांच्या संमतीशिवाय छायाचित्र काढले जाणार नाही आणि तक्रार कोणाकडे करायची ते नाव भिंतीवर लावलेले असेल. ‘आपलीच माणसे आहेत’ या सबबीवर यातला एकही नियम सैल करू नये.

वडिलांना बोलावणे हे सर्वांत अवघड काम आहे. ‘पालकांसाठी’ असे निमंत्रण गेले की ते आईसाठीच आहे असे घरोघरी गृहीत धरले जाते. स्वीडनने १९७४ मध्ये पालकत्वाची रजा आई-वडील दोघांनाही खुली केली, तरी ती मुख्यतः आयाच घेत राहिल्या. १९९५ मध्ये एक महिना प्रत्येक पालकासाठी असा राखून ठेवला, की वडिलांनी तो घेतला नाही तर वाया जाई, तेव्हा रजा घेणाऱ्या वडिलांचे प्रमाण वाढले. यातून घ्यायचे ते एवढेच, की निमंत्रणावर वडिलांचे नाव घालावे आणि त्यांच्यासाठी वेळ वेगळी राखावी. शिवाय संगोपनावरील व्याख्यानाला वडील फिरकत नाहीत, हातांना काम दिले तर येतात. ऑस्ट्रेलियात १९९० च्या दशकात उभ्या राहिलेल्या ‘मेन्स शेड’ या, पुरुष एकत्र जमून हातांनी काम करतात अशा कार्यशाळांचे सूत्र हेच आहे. सायकलची चेन बसवताना मुलगा टॉर्च धरून बसलेला असतो, दोघांची नजर चेनवर असते, आणि समोरासमोर बसून महिनोन्‌महिने न निघालेला शाळेचा विषय तिथे सहज निघतो. अशा वेळी संयोजकाने मध्ये पडू नये.

कुटुंबांसाठी वेगळे वर्ग लागतातच असे नाही. धाकट्या भावंडांसाठी खोलीचा एक कोपरा सांभाळला, तर आईला येता येते.

ज्येष्ठांना ‘लाभार्थी’ म्हणून बोलावण्याची चूक टाळावी. अमेरिकेत १९६५ पासून चालू असलेल्या ‘फॉस्टर ग्रँडपेरेंट’ कार्यक्रमात ज्येष्ठच मुलांना आधार देतात. आपल्याकडच्या यादीतही ‘या आजी काय शिकवू शकतात?’ असा रकाना ठेवावा. वाचून दाखवणे, शिवण, सुतारकाम, गणित, काहीही चालेल. मात्र त्याआधी जिना किती पायऱ्यांचा आहे, कठडा आहे का, स्वच्छतागृह किती लांब आहे आणि परतीच्या वाटेवर दिवे लागतात का, हे एखाद्या ज्येष्ठासोबत स्वतः चालून पाहावे.

पैशाचा हिशेब दर महिन्याला दारावर लावावा. देणगी छोटी असली तरी पावती द्यावी. हजेरीपटात आलेल्यांची संख्या मोजून समाधान मानू नये, तर सलग दोन आठवडे न आलेल्यांच्या नावाखाली रेघ मारावी आणि तिसरा वार उजाडण्याआधी त्या घरी कोणीतरी जाऊन यावे. बहुधा कारण साधे निघते, कामाची पाळी बदललेली असते किंवा गुडघा दुखत असतो, आणि मग वेळ अर्धा तास पुढे ढकलणे किंवा कोणाला तरी सोबतीला पाठवणे एवढ्यावर काम भागते.