डोंगरातला मध: काढताना या चुका टाळा

बाटलीवर फेस आला, झाकण उघडताच आंबूस वास आला, की सगळे बाटली धुण्याला दोष देतात. बहुतेक वेळा चूक आधीच झालेली असते: कच्चा मध काढला जातो. फुलांतला रस माश्या पंख्यासारखे पंख हलवून आटवतात आणि तो पिकला की पोळ्याच्या त्या घरावर मेणाची टोपी घालतात. चौकटीतली (पेटीत पोळं जिच्यात बांधलेलं असतं ती लाकडी चौकट) निदान तीन चतुर्थांश घरं बंद झाल्याशिवाय हात लावू नका. शंका असेल तर चौकट आडवी धरून एक झटका द्या. थेंब उडाले तर मध कच्चा आहे. रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे ओलावा मोजायच्या उपकरणावर, ओलावा २० टक्क्यांच्या आत हवा.

डोंगरात धुकं असतं आणि मध हवेतलं पाणी ओढून घेतो. त्यामुळे पिकलेला मधसुद्धा उघड्या पातेल्यात रात्रभर राहिला तर बिघडतो. कोरड्या दिवशी काढा, गाळा, लगेच घट्ट झाका. घट्ट झालेला मध थेट चुलीवर ठेवू नका. भांडं कोमट पाण्यात ठेवा, मध ४० अंशांच्या वर जाऊ देऊ नका. आंबलेला मध माश्यांनाही पाजू नका.

सातेरी, म्हणजे पेटीत पाळतात त्या माश्या, पेटी सोडून गेल्या, तर आधी आपण किती मध काढला ते आठवा. फक्त मधकोठीतला, म्हणजे पेटीच्या वरच्या मजल्यातला मध आपला. पिलावाच्या (अंडी-अळ्यांच्या) चौकटीत वरच्या कडेला असतो तो त्यांचा उपासाच्या दिवसांचा साठा, आणि नेमका तोच लोभापायी काढला जातो. राणीची अंडी कमी झाली, परागकण आणणं थांबलं, की पळण्याची तयारी समजा. एक किलो साखर एक लिटर पाण्यात विरघळवून, गार करून, संध्याकाळी पेटीच्या आत ठेवा. सकाळपर्यंत संपेल इतकाच पाक द्या, नाहीतर दुसऱ्या पेटीच्या माश्या लुटायला येतात. काळी पडलेली रिकामी पोळी काढा, त्यांतच मेणकिडा (पोळं खाणारी अळी) वाढतो. मुंग्यांसाठी पेटीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा. मधकोठी चढवलेली असताना मात्र पाक नको. तो मधात मिसळतो.

आग्या माशीच्या पोळ्याला मशाल लावणं ही सर्वांत मोठी चूक. माश्या जळतात आणि पुढचं उत्पन्नही जळतं. अंगभर कपडे, जाळी आणि फक्त धूर वापरा. मधाचा भाग वरच्या जाड टोकाला असतो, तेवढाच कापा. पिलाव तसाच राहिला तर त्याच पोळ्यावर माश्या पुन्हा मध भरू शकतात. पोळं हाताने पिळू नका, अळ्यांचा रस उतरतो. मधाचे तुकडे चिरून कापडातून आपोआप निथळू द्या.