वॉर्डात तोंड उघडायचं ते कसं?

नर्सिंगचा जीएनएम डिप्लोमा किंवा बीएस्सी संपवून पहिल्या ड्युटीवर निघालेल्यांनो, ‘पेशंटची बाजू मांडणे हे परिचारिकेचे कर्तव्य’ हे पेपरात सगळेच लिहितात. प्रोबेशनवर असताना सर्जनसमोर ते बोलून दाखवणं वेगळं.

मी होते त्या खासगी हॉस्पिटलात एका एचआयव्हीबाधित पेशंटच्या फाईलवर लाल पेनाने ठळक ‘रिअ‍ॅक्टिव्ह’, म्हणजे एचआयव्ही चाचणी पॉझिटिव्ह, असं लिहिलं होतं. फाईल कॉटला लटकलेली. भेटीच्या वेळी शेजारच्या कॉटचे नातेवाईक ते वाचायचे आणि खुर्ची लांब सरकवायचे. हर्नियाचं साधं ऑपरेशन, पण ऑपरेशन थिएटरच्या यादीत नाव कायम तळाला, आणि मग वेळ संपली म्हणून उद्यावर.

राउंडमध्ये मी गप्प राहिले, ते मुद्दाम. चारचौघांत डॉक्टरांना टोकलं की भांडण त्यांचं-आपलं होतं, पेशंट बाजूलाच राहतो. राउंड आटोपल्यावर इन्चार्ज सिस्टरांना विचारलं, “सिस्टर, ही फाईल काउंटरच्या आत ठेवू का? असं उघड लिहिणं कायद्यात बसत नाही.” त्यांनी मान हलवली. फाईल त्याच दुपारी आत गेली.

कायदा म्हणजे २०१७चा एचआयव्ही-एड्स कायदा, सप्टेंबर २०१८पासून लागू. उपचारात भेदभाव करायला आणि संमतीशिवाय माहिती फोडायला त्यात मनाई आहे. वीस किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या रुग्णालयाने तक्रार अधिकारी नेमायचा असतो. तुमच्याकडे तो कोण, हे विचारून ठेवा. बऱ्याच ठिकाणी सगळे एकमेकांकडे बघतात. “कुणाला एचआयव्ही आहे हे आम्हाला कळायला नको का?” असं स्टाफपैकी कुणी म्हणेलच. ग्लोव्हज प्रत्येकाच्याच रक्ताला घालायचे असतात. ज्याची तपासणीच झालेली नाही, त्याचं काय?

ऑपरेशनचं मात्र तोंडी बोलून हललं नाही. तेव्हा नर्सेस नोट्स कामी आल्या: ‘पेशंट सकाळपासून उपाशी. ऑपरेशन रद्द. कारण विचारलं, मिळालं नाही. डॉक्टरांना कळवलं,’ वेळ आणि सही. ‘अन्याय’, ‘मुद्दाम’ असले शब्द नाहीत. अशा नोंदी साठल्यावर मेट्रननी, म्हणजे सगळ्या नर्सेसच्या प्रमुखांनी, स्वतः फोन केला आणि यादीत नाव वर आलं.

याची किंमत पडते. पुढे काही काळ नाइट ड्युट्या माझ्याच वाट्याला जास्त आल्या. म्हणून एकटीने जाऊ नका, निदान एक सिनियर सोबत घ्या. आणि पुरावा म्हणून केसपेपरचा मोबाइलवर फोटो काढून ग्रुपवर टाकू नका. पेशंटची माहिती तेव्हा तुम्हीच फोडलेली असते.