फोटोवरून ओट्याचं माप: बटण दाबण्याआधीची कामं

नाशिकला सातपूरमध्ये आमचं ग्रॅनाइट कटिंगचं वर्कशॉप आहे आणि साइटवर जाऊन ओट्यांची मापं घ्यायचं काम माझ्याकडे. पूर्वी प्लायच्या पट्ट्या खिळ्यांनी जोडून जागेवरच फर्मा बनायचा आणि तो टेम्पोत टाकून आणायचा. आता मी भिंतीकडेने ठिपक्यांचे स्टिकर लावते, फोटो काढते, सॉफ्टवेअर त्यातून आकृती काढतं आणि ती फाइल मशीनला जाते. नवीन मुलं हे शिकायला आली की त्यांचं सगळं लक्ष सॉफ्टवेअरच्या बटणांवर असतं. बटणं अर्ध्या दिवसात येतात. माप बिघडतं ते फोटो काढायच्या आधीच.

पहिली गोष्ट पातळीची. तुमचं सॉफ्टवेअर एकाच फोटोवर चालणारं असेल (चौकटींचा छापील तक्ता ठेवायचा आणि फोटो सरळ करून घ्यायचा), तर तक्ता ज्या पातळीवर आहे त्याच पातळीवरच्या वस्तूंचं माप खरं येतं. बाकीचं सगळं सरकतं. हिशोब साधा आहे. कॅमेरा ओट्याच्या दीड मीटर वर धरलाय, आणि कॅमेऱ्याच्या बरोबर खालच्या बिंदूपासून ९०० मिलिमीटरवर एक कड आहे. ती कड तक्त्यापेक्षा फक्त १० मिलिमीटर उंच असली तरी ती फोटोत सुमारे ६ मिलिमीटर बाहेर दिसते. म्हणजे जवळजवळ दोन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग)! म्हणून ओटा अजून घातलेला नसेल तर आधी लेव्हल पाइपने किंवा लेझरने भिंतीवर ओट्याच्या वरच्या पातळीची रेघ मारून घ्या आणि प्रत्येक ठिपका त्या रेघेवरच लावा. ठिपके चुंबकावर किंवा जाड फोमवर चिकटवलेले असतील तर ती जाडी सॉफ्टवेअरमध्ये भरा, नाहीतर भिंत तेवढी पुढे आलेली दिसेल.

अनेक फोटोंवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरला वरखाली असलेले ठिपके समजतात, पण त्याची अट वेगळी आहे. एकाच जागी उभं राहून कॅमेरा नुसता डावीउजवीकडे फिरवला, तर कितीही फोटो काढा, उपयोग नाही. तुम्ही स्वतः सरकलं पाहिजे. प्रत्येक ठिपका निदान तीन फोटोंत, तोही वेगवेगळ्या बाजूंनी दिसला पाहिजे. दोन जागांवरून त्या ठिपक्याकडे पाहणाऱ्या रेषांमध्ये साठ-नव्वद अंशांचा कोन मिळाला तर उत्तम. एल आकाराच्या ओट्यात दोन्ही बाजूंचे (एलच्या दोन्ही भुजांचे) फोटो वेगवेगळे काढून थांबू नका. कोपऱ्यातले तेच चार-सहा ठिपके दोन्हीकडच्या फोटोंत आले पाहिजेत, नाहीतर जोड तिथेच ढिला पडतो.

आता मापाची पट्टी, म्हणजे फोटोतलं खरं अंतर सॉफ्टवेअरला कळावं म्हणून ओट्यावर ठेवायची ती. बरेच जण शाळेतली ३० सेंटिमीटरची पट्टी ठेवून मोकळे होतात. तीवर अर्ध्या मिलिमीटरची चूक झाली तर तीन मीटरच्या ओट्यावर ती पाच मिलिमीटर होते. मी गवंड्याकडे असते तसली दीड मीटरची ॲल्युमिनियमची पट्टी वापरते. तिच्या दोन टोकांना दोन ठिपके पक्के चिकटवलेत. त्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर टेपने मोजताना शून्यापासून धरू नका, १० सेंटिमीटरपासून धरा आणि नंतर १० वजा करा. टेपचं टोकाचं हूक थोडं हलतं. ते बिघडलेलं नसतं, आतलं आणि बाहेरचं माप दोन्ही बरोबर यावं म्हणून तेवढं हलतं ठेवलेलं असतं. पण इथे त्याची भानगड नको.

तक्ता घरच्या प्रिंटरवर छापणार असाल तर ‘पानात बसवा’ हा पर्याय बंद करा, शंभर टक्क्यांवर छापा आणि छापून झाल्यावर स्टीलच्या पट्टीने दोन्ही दिशांनी मोजा. पावसाळ्यात कागद फुगतो. माझा तक्ता एसीपी शीटच्या (दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमचा पातळ थर असलेल्या कडक शीटच्या) तुकड्यावर चिकटवलाय. वर लॅमिनेशन नको, चकाकतं.

कॅमेऱ्याचं थोडक्यात: साध्या लेन्सवरच राहा, ०.५ वाली रुंद लेन्स नको, कारण कडांना रेघा वाकतात. झूम नको. जवळ गेलं की काही फोन गुपचूप दुसऱ्या लेन्सवर जातात, तेव्हा ते सेटिंग बंद करा आणि फोकस लॉक करा. फ्लॅश बंद. अंधारं स्वयंपाकघर असेल तर एलईडी फ्लडलाइट छताकडे तोंड करून लावा. जुना ओटा बदलायचा असेल आणि तो काळा पॉलिशचा असेल तर त्यात ठिपक्यांची प्रतिबिंबं दिसतात. सरळ वर्तमानपत्रं पसरा. आणि फोटो ऑफिसला व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका, ते लहान होतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

ठिपके कुठे लावायचे, हे भिंत सांगते. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोरा ताणा. जिथे भिंतीला पोट आलंय तिथे चार-चार इंचांवर लावा, सरळ जागी आठ इंचांवर चालतात. कोपरा गुण्यात (बरोबर काटकोनात) आहे असं कधी धरू नका, मग फ्लॅट कितीही नवा असो. एका अंशाचा फरक दोन फूट खोलीच्या ओट्यात साधारण साडेदहा मिलिमीटर होतो. पंचवटीतल्या जुन्या घरांत तर गवंडीमामा हसूनच सांगतात, “ताई, गुण्या पिशवीतच राहू द्या.” शिवाय त्यांना हे विचाराच, की टाइल आधी लागणार की ओटा आधी. प्लास्टरवर माप घेतलं आणि मग टाइल लागली, तर टाइल आणि चिकटवण्याचा मसाला मिळून दगड बसणारच नाही.

सिंक आणि शेगडीचं भोक फोटोवरून काढू नका. मॉडेलसोबत कटआउटचा कागद येतो, तोच वापरा.

साइट सोडण्यापूर्वी एक कर्ण टेपने मोजा आणि तो सॉफ्टवेअरला सांगू नका. आकृती तयार झाली की तोच कर्ण पडद्यावर मोजून ताडून पाहा. दोन मिलिमीटरपर्यंत फरक असेल तर ठीक, जास्त असेल तर ठिपके काढायच्या आत पुन्हा फोटो घ्या. एल असेल तर त्याच्या दुसऱ्या भुजेवर आणखी एक मोजलेली पट्टी ठेवा, पण तीही फक्त तपासायला.

ग्राहक “नऊ फूट सव्वादोन इंच” असं सांगतात, सुतार सुतात बोलतो आणि मशीन मिलिमीटरमध्ये. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३.१७५ मिलिमीटर. वहीत काहीही लिहा, पण डीएक्सएफ फाइल (मशीनला जाणारी आकृतीची फाइल) मशीनवर उघडली की एक माहीत असलेली बाजू मोजून पाहा. एकक इंच धरलं गेलं तर आकृती २५.४ पट मोठी येते, ती लगेच कळते. कळत नाही ती भिंतीकडची फट. मी भिंतीच्या बाजूला दोन-तीन मिलिमीटर सोडते, टाइलखाली ती झाकली जाते. टाइल आधीच लागलेली असेल तर किती सोडायची ते बसवणाऱ्या कारागिराला विचारून फाइलच्या नावातच लिहा, म्हणजे मशीनवाला पुन्हा स्वतःच्या मनाने सोडत नाही.