जुना कॅमेरा बघायला जाताना टॉर्च न्या

जुना डीएसएलआर, म्हणजे लेन्स बदलता येणारा कॅमेरा, बघायला जाताना स्वतःचं मेमरी कार्ड आणि छोटा टॉर्च खिशात टाका. कॅमेरा मुंबई-कोकणात वापरलेला असेल तर सगळ्यात आधी लेन्स बघा, कारण इथल्या दमट पावसाळ्यात काचेच्या आत बुरशी धरते. लेन्स काढून मागून टॉर्च मारा आणि पुढून तिरकं बघा. अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं प्रकाश आत सोडणारं भोक, पूर्ण उघडं हवं. जुन्या निकॉन लेन्सवर मागची छोटी दांडी बोटाने सरकवली की ते उघडतं. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक पांढरे धागे दिसले तर ती लेन्स घेऊच नका, कितीही स्वस्त मिळो. धुळीचे दोन-चार कण चालतात, फोटोत ते दिसतही नाहीत.

मग सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपून फोटो बनवणारी चिप. अ‍ॅपर्चर एफ/१६ वर, म्हणजे बरंच लहान ठेवा, फोकस मुद्दाम घालवून पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा आणि तो मोठा करून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सरकवत बघा. पुसट करडे ठिपके म्हणजे धूळ, ती साफ करून मिळते. सरळ रेघ दिसली तर चरा असण्याची भीती. मग व्यवहार तिथेच थांबवलेला बरा.

शटर, म्हणजे फोटो काढताना उघड-बंद होणारा पडदा, किती वेळा उडालंय हे निकॉनच्या मूळ फोटोफाइलमध्ये नोंदलेलं असतं, म्हणून एक फोटो आपल्या कार्डावर घरी आणा आणि तो आकडा बघा. निकॉनच्या डी७५० मॉडेलचं शटर कंपनीने दीड लाख वेळा चालवून तपासलेलं आहे. कॅननच्या बऱ्याच मॉडेलच्या फाइलमध्ये हा आकडा नसतो.

निघण्यापूर्वी बॅटरीचं झाकण उघडा. आतली धातूची टोकं हिरवट झाली असतील तर व्यवहार सोडा.