टॉन्सिलची केस हातात आली की काय बघायचं (नवीन ज्युनियरसाठी)

सनद घेऊन नुकतीच कोर्टात आलेली पोरं विचारतात, मेडिकलच्या केसेस कुठनं शिकायच्या. मी कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात हेच काम करतो, आणि माझं ऐकाल तर टॉन्सिलपासून सुरू करा, कारण ऑपरेशन छोटं, फाईल पातळ आणि भांडण बहुतेक रक्तावरच असतं.

पक्षकार येतो तोच तापून. "पोराच्या तोंडातनं रक्त आलं वकीलसाहेब, म्हंजे डॉक्टरचीच चूक की ओ!" तर तसं नसतंय. टॉन्सिल काढल्यावर एकतर पहिल्या 24 तासांत नाहीतर साधारण पाचव्या ते दहाव्या दिवशी, खपली सुटताना, रक्त येऊ शकतं, आणि ते चांगल्या सर्जनच्या पेशंटलाही येतं. नुसतं रक्त दाखवून केस उभी राहत नाही. खरी केस असते ती पुढच्या काही तासांची. घरच्यांनी फोन केला तेव्हा काय सांगितलं, बोलावून बघितलं का "बर्फ द्या, सकाळी या" म्हणून फोन ठेवला. फोनचा कॉल लॉग पहिल्याच भेटीत घ्या, नंतर मोबाईल बदलतो आणि सगळं जातं.

मग नर्सिंग चार्ट. माझ्याकडं एक चार्ट आलेला, रात्रभर दर तासाची नोंद, सगळी एका शाईत, एका दमात लिहिल्यासारखी, नाडी सगळीकडं 84. आणि आई सांगत होती की लेकरू झोपेत सारखं गिळत होतं. आता हे सारखं गिळणं म्हंजे रक्त आत घशात उतरत असल्याची खूण, ईएनटीच्या (कान-नाक-घशाच्या) पुस्तकात असतंय, पण तक्रारीत कोण लिहित नाही कारण आईला ते महत्त्वाचं वाटतच नाही. तुम्ही विचारायचं.

संमतीपत्र बघा. इंग्लिश छापील फॉर्म, ऑपरेशनच्या नावाची जागा कोरी आणि खाली बापाची मराठी सही, असलं सर्रास सापडतं. संमती कशी हवी यासाठी सुप्रीम कोर्टाचा समीरा कोहली 2008 चा निकाल वाचा, आणि निष्काळजीपणाच्या मोजमापासाठी जेकब मॅथ्यू 2005. हे दोन पाठच पाहिजेत.

रेकॉर्ड लेखी अर्ज देऊन मागा, पोहोच घ्या, 72 तासांत देणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. तक्रार दाखल करायची मुदत 2 वर्षं. उपचारासाठी दिलेली रक्कम 5 लाखांच्या आत असली तर आयोगाची फी नाही, आणि टॉन्सिलचं बिल तेवढं होत नाही. आमच्या कोल्हापूरच्या सीपीआरसारख्या सरकारी दवाखान्यात, जिथं सगळ्यांनाच फुकट उपचार, तिथलं प्रकरण ग्राहक आयोगात बसत नाही (1995 चा शांता निकाल), तिथं दिवाणी दाव्याचा विचार करावा लागतो.

सगळ्यात अवघड काम तज्ज्ञाचं मत. गावातला ईएनटी गावातल्याच ईएनटीविरुद्ध लिहून देत नाही, रोजची उठबस असते, त्यांचंही बरोबरच आहे म्हणा. पुण्यामुंबईला विचारा. मिळालंच नाही तर किशन राव 2010 चा निकाल आहे, प्रत्येक केसला तज्ज्ञ लागतोच असं नाही, पण त्याच्या भरवशावर कच्ची फाईल दाखल करू नका. आणि चार्ट स्वच्छ, फोन उचललेला, पेशंट लगेच परत घेतलेला दिसला तर पक्षकाराला तोंडावर नाही म्हणा, फी बुडाली तरी चालेल.